सल्ला हवा: ६ मशीनचा छोटा क्लस्टर, संध्याकाळी सगळं रांगतं. बजेट ६० हजार (सोलापूर)

ड्रोनवाली_जुळे · मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं ड्रोन मोजणीचं छोटं ऑफिस आहे. डाळिंबाच्या बागा, प्लॉटिंग, कधी उसाचं क्षेत्र, असली कामं. फोटो जोडून नकाशा करायला ओपनड्रोनमॅप वापरतो. ६ मशीन आहेत, सगळी असेंबल केलेली: ८ कोर, ३२ जीबी रॅम, प्रत्येकात ५०० जीबीची एसएसडी, उबुंटू. शिवाय ४ हार्डडिस्कची एक नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी. सगळं एकाच १६ पोर्टच्या गिगाबिट स्विचवर.

एका कामाचे साधारण १५०० फोटो, प्रत्येकी ८ एमबी, म्हणजे १२ जीबी धरा. दिवसा एकदोन कामं चालतात तेव्हा काही त्रास नाही. संध्याकाळी पोरं शेतावरून आली की सहाही मशीनला काम लावून आम्ही घरी जातो, आणि मग बोंब. एकट्या मशीनवर ४ तासांत होणारं काम सकाळी ९ ला येऊन बघावं तर ६० टक्क्यांवर. त्यात मशीन ३ कायम सगळ्यांच्या मागे.

विचारायचं ते असं. १० जीचा (१० गिगाबिटचा) स्विच घ्यावा का? आणि कुठलं काम कुठल्या मशीनवर टाकायचं, डेटा कधी हलवायचा हे ठरवणारं काही सॉफ्टवेअर असतं का? सध्या आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर "४ नंबर मोकळं आहे का" असं विचारतो.

बजेट ६० हजार, वर एक रुपया नाही. आणि कृपा करून क्लाउड सुचवू नका. आमच्याकडे अपलोडचा स्पीड काय आहे ते आम्हालाच माहीत.

---

पुणेरी_पार्सल · मंगळवार, रात्री ९:५२

क्लाउडवर का नाही टाकत? मशीन सांभाळायची कटकटच नाही.

---

कडक_भाकरी · मंगळवार, रात्री ९:५५

शेवटची ओळ वाच की बे.

---

हिंजवडीकर_मूळ_सोलापूर · मंगळवार, रात्री १०:२०

ताई, मी डेटा सेंटर नेटवर्किंगमध्येच आहे. आजकाल स्पाइन-लीफशिवाय कोणी बांधत नाही. खाली लीफ स्विच, वर स्पाइन, प्रत्येक लीफपासून प्रत्येक स्पाइनला एक वायर. मग ईसीएमपी लावायचं, म्हणजे एकाच ठिकाणी जायच्या चार वाटा असतील तर ट्रॅफिक चारही वाटांवर वाटला जातो. कुठलं पॅकेट कुठल्या वाटेनं जाणार हे दोन्हीकडचे आयपी, दोन्हीकडचे पोर्ट आणि प्रोटोकॉल यांच्या हॅशवरून, म्हणजे त्यांतून हिशेबानं काढलेल्या एका आकड्यावरून ठरतं. त्यात गोम एवढीच, की दोन दांडगे फ्लो (एकेका कनेक्शनचा डेटा) एकाच हॅशवर आले तर एक वाट तुंबते आणि बाजूची मोकळी राहते. त्यावर २०१० मध्ये हेडेरा नावाचं काम झालं. मधे बसलेला कंट्रोलर दांडगे फ्लो ओळखून त्यांना दुसऱ्या वाटेवर टाकतो.

आमच्याकडे लीफ १०० जीचे आहेत. बजेट थोडं वाढवता आलं तर २५ जी पासून सुरुवात करा, पुढची पाच वर्षं बघायला नको.

---

कडक_भाकरी · मंगळवार, रात्री १०:२४

६ मशीनला स्पाइन. मालक, मणका माणसापेक्षा मोठा व्हायलाय.

---

लॅबवाले_सर · मंगळवार, रात्री १०:४८

इथर्नेटचा नाद सोडा. आमच्या कॉलेजच्या लॅबसाठी मी लॅमिंग्टन रोडवरून वापरलेली इन्फिनीबँड (इथर्नेटऐवजी वापरतात ते वेगवान नेटवर्क) कार्डं आणली, क्यूडीआर, ४० गिगाबिटची. स्विचही सेकंडहँड. गिगाबिट इथर्नेटवर एका मशीनचा निरोप दुसऱ्याला पोचायला ३०-५० मायक्रोसेकंद लागतात, इन्फिनीबँडवर एकदोन. शिवाय कर्नलला मधे न घेता थेट मेमरीतून मेमरीत. आमच्या एमपीआयच्या (अनेक मशीन एकमेकांना निरोप देत चालवतात त्या) प्रोग्रॅमला जो उठाव आलाय तो बघायला या कधीही, चहा माझा.

इथं वाटा ठरवायला सबनेट मॅनेजर लागतो. कुठल्या तरी एका मशीनवर ओपनएसएम चालू ठेवा, नाहीतर पोर्ट वर येतच नाहीत. पंख्याचा आवाज मात्र विमानासारखा. वेगळी खोली हवी.

---

निवृत्त_प्राध्यापक · मंगळवार, रात्री ११:१५

४० म्हणू नये, प्रत्यक्ष डेटा ३२ गिगाबिटच जातो. क्यूडीआरमध्ये दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवतात.

वर ज्याला स्पाइन-लीफ म्हटलं आहे ते नवीन नाही. चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी हे मांडलं: लहान लहान स्विच तीन टप्प्यांत जोडून मोठ्या स्विचचं काम काढायचं. १९८५ मध्ये लायझरसन यांनी फॅट-ट्री मांडलं, मुळाकडे जावं तसतशी फांदी जाड. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी दाखवलं की साध्या, स्वस्त इथर्नेट स्विचांतूनही हे बांधता येतं, आणि तिथून डेटा सेंटरवाल्यांनी ते उचललं.

आणि पुण्यात १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला तेव्हा प्रश्न हाच होता. त्यात ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना थेट जोडता येणारे प्रोसेसर होते. प्रत्येकाला चारच लिंक, म्हणजे शेजारी फक्त चार. लांबच्या नोडला डेटा द्यायचा तर मधल्यांच्या हातून जाणार. त्यामुळे कुठलं काम कुणाच्या शेजारी बसवायचं हे आधी ठरवावं लागे. आजच्या मुलांना वाटतं स्विच घेतला की झालं.

---

पत्रा_तालीम_पैलवान · मंगळवार, रात्री ११:३०

सर, परमचा त्यांना काय उपयोग? त्यांच्या बागा राहिल्या की बाजूला.

---

निवृत्त_प्राध्यापक · मंगळवार, रात्री ११:३४

उपयोग शेवटच्या दोन वाक्यांत आहे. पुन्हा वाचावीत.

---

केबल_दादा_होटगी_रोड · बुधवार, सकाळी ७:०५

ताई, बाकी सगळं राहू द्या. मशीन ३ वर इथटूल (नेटवर्क कार्ड तपासायची कमांड) चालवा आणि स्पीडची ओळ बघा. १००० आहे का १००?

गिगाबिटला केबलीतल्या चारही जोड्या लागतात. १०० ला दोनच पुरतात. क्रिम्पिंग करताना एक तार नीट बसली नाही की मशीन निमूट १०० वर उतरतं. नेट चालू असतं, पिंग लागतो, लाइट लुकलुकतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. सोलापुरातल्या निम्म्या ऑफिसांत मी एवढंच करून पैसे घेतो.

---

टॉवेल_एमआयडीसी · बुधवार, सकाळी ८:१०

आमच्या कारखान्यात डिझाइनची मशीन अशीच रांगत होती. उघडून बघितलं तर पंख्यात टॉवेलचं सूत. धुरळा आणि कापूस मिळून नमदा झालेला. सीपीयू तापला की आपोआप हळू होतो. मे महिन्यात ४३ डिग्रीत तुम्ही स्विच बदलून काय करणार? आधी ब्लोअर मारा, मग एसी.

---

पुणेरी_पार्सल · बुधवार, सकाळी ८:२५

एसी क्लाउडवर फ्री असतो :)

---

दोन_कार्ड_एक_घर · बुधवार, सकाळी ९:४०

सगळ्यात स्वस्त उपाय कुणी सांगितलाच नाही. प्रत्येक मशीनला आणखी एक गिगाबिट कार्ड टाका आणि बाँडिंग करा, म्हणजे दोन्ही वायरी मिळून एक. १ अधिक १ बरोबर २. मी घरी केलंय, मस्त चालतं.

---

सिस्टिम_अण्णा · बुधवार, सकाळी १०:०२

चालत असेल, पण दुप्पट होत नाही. बाँडिंगमध्ये एक कनेक्शन एकाच वायरवरून जातं, तेही हॅशनंच ठरतं. नॅसवरून एक फाइल एका मशीनवर ओढली तर ती ११० एमबीच्या आसपासच येणार, वायरी दोन असोत की चार. नॅसच्या बाजूला बाँड केला आणि ओढणारी सहा मशीन असतील तर थोडा फायदा, तोही हॅश नशिबानं बरा पडला तर. शिवाय स्विचला एलएसीपी (वायरी एकत्र बांधायचा प्रोटोकॉल) यायला हवं. साध्या अनमॅनेज्ड स्विचला दोन स्विचच्या मधे दुसरी वायर लावलीत तर लूप होतो आणि सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात. मग ऑफिस बंद.

ताईंना सविस्तर उत्तर दुपारी देतो, साइटवर आहे.

---

दोन_कार्ड_एक_घर · बुधवार, सकाळी १०:१५

माझ्याकडे दुप्पट दाखवतं.

---

सिस्टिम_अण्णा · बुधवार, सकाळी १०:१८

लिंक स्पीड २००० दाखवतं. कॉपी करून बघा.

---

ड्रोनवाली_जुळे · बुधवार, सकाळी ११:३०

केबल दादा, तुमचे पाय कुठे आहेत? मशीन ३ ला १०० च दाखवतंय!! दुसऱ्या मशीनची केबल लावली तर लगेच १०००. म्हणजे इतके महिने ते बिचारं एकदशांश वेगानं चालत होतं.

पण बाकीची पाच १००० वरच आहेत, तरी रात्री रांगतातच. स्विचचा प्रश्न तसाच आहे.

---

केबल_दादा_होटगी_रोड · बुधवार, सकाळी ११:४१

पाय राहू द्या, टोक नवीन मारून घ्या. आणि टेबलाच्या पायाखाली केबल दाबू नका.

---

मोठा_डेटा_छोटा_माणूस · बुधवार, दुपारी १:१०

हदूप लावा, मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून काम करणारं सॉफ्टवेअर. त्याचं तत्त्वच हे आहे की डेटा कामाकडे नेऊ नका, काम डेटाकडे न्या. प्रत्येक ब्लॉकच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर असतात, शेड्यूलर बघतो प्रत कुठे आहे आणि काम तिथंच टाकतो. ते मशीन बिझी असेल तर थोडं थांबतो, लगेच लांबच्या मशीनवर ढकलत नाही. बर्कलीच्या लोकांनी २०१० मध्ये याला डिले शेड्यूलिंग म्हटलं. काही सेकंद थांबलं की बहुतेक कामांना घरचीच जागा मिळते, कारण मोठ्या क्लस्टरमध्ये सारखं काही ना काही मोकळं होत असतं.

---

कडक_भाकरी · बुधवार, दुपारी १:१४

१५०० जेपीजीसाठी हदूप. उद्या शेंगा चटणी कुटायला रोड रोलर आणाल.

---

सिस्टिम_अण्णा · बुधवार, दुपारी ३:२०

तत्त्व बरोबर सांगितलंय त्यांनी, औजार चुकीचं आहे. हदूपला थोड्या पण मोठ्या फाइल आवडतात आणि ओपनड्रोनमॅप त्यावर चालतच नाही.

ताई, आता हिशेब करू. १२ जीबी, ११० एमबी प्रति सेकंद: एका कामाची कॉपी दोन मिनिटांच्या आत. सहा कामं, ७२ जीबी, सगळी एकाच वेळी ओढली तरी ११ मिनिटं. मशीन ३ एकटं १०० वर असताना त्याचीच १७-१८ मिनिटं जात होती, ते आता मिटलं. म्हणजे फोटो हलवण्यात तुमची जास्तीत जास्त ११ मिनिटं जायला हवीत, आणि जातायत पूर्ण रात्र. मग १० जी घेऊन या ११ ची ४ केलीत तर काय मिळालं? उरलेले तास कुठे जातायत ते शोधा.

माझा अंदाज सांगतो. तुम्ही प्रोजेक्टचं फोल्डर नॅसवरच ठेवलंय आणि सहाही मशीन तिथंच काम करतात. बरोबर? हे सॉफ्टवेअर फोटो एकदा वाचून गप्प बसत नाही. प्रत्येक फोटोच्या खुणांची फाइल, जोड्यांच्या फाइली, डेप्थ मॅप, पॉइंट क्लाउड, सगळं लिहितं, पुन्हा वाचतं, पुन्हा लिहितं. मूळ फोटोंच्या कितीतरी पट. हे सगळं सहा मशीनकडून एकाच वायरीतून एकाच नॅसच्या फिरत्या डिस्कवर चाललंय. एकटीला सलग काम दिलं तर डिस्क दीडशे एमबी देते. सहा जण सहा बाजूंनी बारीक फाइली मागायला लागले की तिचं हेड नुसतं इकडून तिकडे पळत राहतं आणि हातात काहीच येत नाही.

खात्री करायची असेल तर आज रात्री टॉप (मशीन काय करतंय ते दाखवणारी कमांड) उघडून "डब्ल्यूए"चा आकडा बघा. सीपीयू बसून आहे आणि डब्ल्यूए ४०-५० असेल तर मशीन डिस्कची वाट बघत बसलंय.

उपाय फुकट आहे. काम सुरू करताना फोटो त्या मशीनच्या स्वतःच्या एसएसडीवर आणा, कामाचं फोल्डर तिथंच ठेवा, शेवटी फक्त तयार नकाशा आणि रिपोर्ट नॅसवर परत.

आता कॉपी कधी करायची ते. सहाही एकदम सुरू करू नका. गड्ड्याच्या यात्रेत सगळे एकाच गेटनं निघाले की कोणीच लवकर बाहेर पडत नाही, तसं होतं. एकदम सुरू केली तर सहाही मशीन ११ व्या मिनिटाला कामाला लागतात. एकामागून एक केली तर पहिलं २ मिनिटांत, दुसरं ४ मध्ये, असं करत शेवटचं ११ व्या मिनिटालाच. शेवटच्याचं काही नुकसान नाही, पाच जणांचा फायदा. आणि लहान काम आधी घ्या.

---

हिंजवडीकर_मूळ_सोलापूर · बुधवार, दुपारी ४:०५

अण्णांशी सहमत, आणि हीच गोष्ट आमच्याकडे कोफ्लो या नावानं चालते. चौधरी आणि स्टॉइका यांनी २०१२ मध्ये मांडली. एका कामाचे शंभर फ्लो असतील तर एकेक फ्लो लवकर संपवून काही मिळत नाही, शेवटचा पोचेपर्यंत काम पुढे सरकतच नाही. म्हणून नेटवर्कनं फ्लो न बघता अख्खं काम बघायचं आणि एकेक काम निकाली काढायचं. २०१४ मध्ये त्यांनी वॅरिस केलं. त्यात कुठलं काम आधी, हे त्याच्या सगळ्यात तुंबलेल्या लिंकवरून ठरतं.

तुम्ही मोठ्या गावाचं काम तुकडे करून सहा मशीनवर वाटत असाल, म्हणजे स्प्लिट-मर्ज, तर हे तुम्हाला थेट लागू. पाच तुकडे झाले तरी मशीन ३ चा तुकडा येईपर्यंत जोडणी सुरू होत नाही.

२५ जीचं मात्र मी मागे घेत नाही.

---

लॅबवाले_सर · बुधवार, दुपारी ४:३०

इन्फिनीबँडवर ११ मिनिटांचं एक मिनिट झालं असतं.

---

सिस्टिम_अण्णा · बुधवार, दुपारी ४:३२

नॅसच्या डिस्क तेवढं देतील तेव्हा ना सर.

---

जंबो_जेट · बुधवार, सायंकाळी ६:००

एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) ९००० करा कुणी सांगितलं नाही का? १५०० वरून ९००० केलं की पॅकेटची संख्या सहापट कमी, सीपीयूवरचा भार कमी. फुकट स्पीड.

---

रात्रपाळी_अ‍ॅडमिन · बुधवार, सायंकाळी ६:४५

फुकट नाही. आमच्या जुन्या ऑफिसात एका कन्सल्टंटनं अर्ध्या मशीनला ९००० करून ठेवलं, बाकी १५०० वर, आणि स्विचला काही सांगितलंच नाही. पिंग लागतो, एसएसएच लागतं, फोल्डर दिसतं, आणि मोठी फाइल उघडली की एनएफएस (नेटवर्कवरचं फोल्डर) गप्प. लहान पॅकेट जातं, मोठं मधेच गळतं, एरर कुठेच नाही. करायचं तर सगळीकडे करा: प्रत्येक कार्ड, स्विच, नॅस. गिगाबिटवर मिळणारा फायदा इतका किरकोळ की मी हात लावणार नाही.

आणि एकामागून एकच्या बाजूनं आणखी एक. स्वस्त स्विचचं बफर लहान असतं. बरेच जण एकाच पोर्टवर एकदम येऊन आदळले की पॅकेट गळतात. टीसीपीला (गळलेलं पॅकेट परत पाठवणारा प्रोटोकॉल) कळलं नाही तर तो टाइमआउटची वाट बघतो, लिनक्सवर तो कमीत कमी २०० मिलिसेकंद. ज्या नेटवर्कवर फेरी एका मिलिसेकंदाच्या आत होते तिथं २०० म्हणजे युग. याला इनकास्ट म्हणतात. तुमच्याकडे तयार नकाशे नॅसवर एकदम परतताना हे होऊ शकतं.

---

ड्रोनवाली_जुळे · बुधवार, रात्री ९:१५

अण्णा, डब्ल्यूए ५५ ते ७० च्या मधे आहे, सगळ्या मशीनवर. कामाचं फोल्डर नॅसवरच होतं. ज्यानं सेटअप करून दिला त्यानं "सगळं एका जागी, बॅकअपला बरं" असं सांगितलं होतं.

आज रात्री दोन मशीनवर लोकल एसएसडीवर काम लावलंय. कोणतं काम कुठे, याचं सॉफ्टवेअर तेवढं सांगा.

---

लॅबवाले_सर · बुधवार, रात्री ९:४०

स्लर्म. अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झालं, आज मोठमोठे सुपरकॉम्प्युटर यावर चालतात. फुकट. काम रांगेत टाकलं की मोकळ्या मशीनवर आपोआप जातं. त्यात बॅकफिल असतं: मोठं काम जागेची वाट बघत असेल तर मधल्या फटीत लहान काम बसवायचं, मोठ्याची वेळ न बिघडवता. त्यासाठी प्रत्येक कामाला अंदाजे वेळ लिहावी लागते. सगळ्यांनी "७ दिवस" लिहिलं तर फट दिसणारच नाही. आमची पोरं तेच करतात, सांगून सांगून थकलो.

टोपोलॉजीची फाइल लिहिली तर एकाच स्विचखालची मशीन एकत्र देतो. तुमचा स्विचच एक आहे, सोडून द्या.

---

रात्रपाळी_अ‍ॅडमिन · बुधवार, रात्री १०:१०

स्लर्म चांगलं, पण घड्याळं जुळलेली लागतात. त्याची ओळखपत्रं मंजवर चालतात. लाइट जाऊन आली, एखाद्या मशीनच्या बोर्डावरचा सेल संपलेला असला, ते २०१० सालात जागं झालं, की मंज त्याला आत घेत नाही. आधी क्रोनी लावा, ते घड्याळं जुळवतं.

कॉपी एकेक करायची तर सरळ सोय आहे. कॉन्फिगमध्ये "कॉपी" नावाचं लायसन्स (एका वेळी एकालाच मिळणारी परवानगी) काढायचं, संख्या १. कॉपीचं काम वेगळं टाकायचं, ते लायसन्स मागेल. नकाशाचं काम त्यावर अवलंबून ठेवायचं आणि त्याच मशीनवर बांधायचं. दोन्ही एकाच कामात घातलं तर ४ तास लायसन्स अडकून बसेल आणि बाकीची पाच मशीन बघत बसतील. हे बहुतेक जण विसरतात.

---

सिस्टिम_अण्णा · बुधवार, रात्री १०:३०

सहा मशीनला स्लर्म जड होईल. प्रत्येक मशीनवर नोडओडीएम (ओपनड्रोनमॅपचं काम घेणारा प्रोग्रॅम) आणि एका ठिकाणी कामं वाटणारं क्लस्टरओडीएम लावा. ते बघतं कोणाची रांग लहान आहे आणि काम तिकडे देतं. फोटो त्या नोडवर अपलोड होतात, त्यामुळे काम आपसूक तिथल्या डिस्कवर होतं. फक्त ते ज्या मशीनवर बसेल त्याच्यातून सगळे फोटो जातील, तेव्हा त्या मशीनची केबल तरी दादांकडून मारून घ्या.

आणि खर्चच करायचा असेल तर: २ एसएफपी प्लस (१० जीचे) पोर्ट असलेला गिगाबिट स्विच घ्या. १० जी फक्त नॅसला, मशीन १ जीवरच. सहा जण १-१ नं ओढतील आणि नॅसची वायर सहाही पेलेल. तांब्याची डीएसी (दोन्ही टोकांना प्लग बसवूनच येणारी) केबल बास, एकाच टेबलावर तर आहे सगळं.

---

पत्रा_तालीम_पैलवान · गुरुवार, सकाळी ८:२०

मीबी तेच सांगणार होतो. १० जी फक्त नॅसला.

---

जंबो_जेट · गुरुवार, सकाळी ८:४५

नॅसला १० जी द्या, बाकी राहू द्या. आणि एमटीयू ९०००.

---

टॉवेल_एमआयडीसी · गुरुवार, सकाळी ९:००

नॅसला कार्ड टाकायला स्लॉट आहे का ते कुणी विचारलं का? आणि पंखे साफ केले का?

---

ड्रोनवाली_जुळे · गुरुवार, सकाळी ११:१०

रात्रीचा निकाल: लोकल एसएसडीवरची दोन्ही कामं ४ तासांच्या आसपास संपली. नॅसवर चाललेली चार सकाळीसुद्धा रखडलेली. नॅसला स्लॉट नाही, बघितलं. पंखे साफ केले, कापूस नव्हता, मातीच निघाली.

पहाटे लाइट गेली आणि ती चारही कामं मेली. ते वेगळंच.

---

यूपीएस_काका · गुरुवार, सकाळी ११:२५

ते वेगळं कसं काय? तेच तर मुख्य.

---

ड्रोनवाली_जुळे · रविवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते, शिव्या कमी घाला.

स्विच घेतला नाही. १ जी, १० जी, काहीच नाही. स्लर्म नाही, क्लस्टरओडीएमही नाही. पोरं शेतावरून येतात तेव्हा फोटो ड्रोनच्या कार्डावरच असतात. आधी ते कार्ड एका मशीनला लावून नॅसवर टाकायचे आणि मग नॅसवरून सहा मशीनवर ओढायचे. आता सहाही मशीनला कार्ड रीडर लावला. ज्या शेताचं कार्ड ज्या मशीनला, काम तिथंच. नेटवर्कवरून संध्याकाळी काहीच जात नाही. काम संपलं की नकाशा आणि मूळ फोटो नॅसवर जातात, क्रोनमधून (ठरल्या वेळी आपोआप), प्रत्येक मशीनची वेळ अर्ध्या अर्ध्या तासानं पुढे. कुठलं मशीन मोकळं, ते भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं.

पैसे यूपीएसमध्ये घातले, बॅटरी मोठी. यूपीएस काका, तुमचं ऐकलं असं नाही, आमच्या ह्यांनी आधीच बघून ठेवला होता. उरलेल्यात सहा मशीनला एकेक टीबीची एसएसडी, कारण ५०० मध्ये दोन कामं मावत नव्हती.

---

लॅबवाले_सर · रविवार, रात्री ८:४५

क्लस्टरला फळा. धन्य.

---

हिंजवडीकर_मूळ_सोलापूर · रविवार, रात्री ९:०२

पुढच्या वर्षी दहा मशीन झाली की याच धाग्यावर या.

---

निवृत्त_प्राध्यापक · रविवार, रात्री ९:२०

काम कुणाच्या शेजारी बसवायचं ते आधी ठरवलं गेलं. मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं.

---

सिस्टिम_अण्णा · रविवार, रात्री ९:३५

चालेल, पण एक भोक राहिलंय. काम सुरू असताना मूळ फोटोंची प्रत कार्डावर आणि त्या एका एसएसडीवर, एवढीच. नॅसवर पोचायच्या आधी कुणी कार्ड फॉरमॅट करून दुसऱ्या दिवशी उडवलं आणि एसएसडी गेली तर शेतकऱ्याकडे परत जावं लागेल. क्रोनच्या शेवटी चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा, जुळला की फळ्यावर बरोबरची खूण, आणि खूण असल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही. कार्डं जास्तीची आहेत का?

---

ड्रोनवाली_जुळे · रविवार, रात्री ९:५०

प्रत्येक ड्रोनला तीन. चेकसमचं उद्याच घालते.

---

दोन_कार्ड_एक_घर · रविवार, रात्री १०:०५

अण्णा, कॉपी करून बघितली. ११२ येतंय. पण दोन फाइली वेगवेगळ्या मशीनवरून घेतल्या तर एकदा २०० च्या वर गेलं होतं, म्हणजे मी पूर्ण चूक नव्हतो.

---

कडक_भाकरी · सोमवार, सकाळी ७:४०

ताई, जुना १६ पोर्टचा स्विच आता रिकामाच बसणार. विकायचाय का? दुकानात कॅमेऱ्यांना लागतोय.

---

ड्रोनवाली_जुळे · सोमवार, सकाळी १०:१५

नाही, नॅस त्यावरच आहे. मशीन ३ ची जुनी केबल हवी असेल तर फुकट देते.